सकाळी बिघडणारं आणि दुपारी शहाणं होणारं मशीन

कॉफी मशीनच्या सर्व्हिसिंगमध्ये एवढी वर्षं घालवल्यावर एक वाईट सवय लागते. फोनवर समोरच्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत आपलं निदान झालेलं असतं. हँडलच्या कडेने पाणी गळतंय म्हटलं की ग्रुपचं, म्हणजे हँडल जिथे अडकवतात त्या भागाचं, गॅस्केट कडक झालंय. कॉफीचा शॉट संपल्यावर हँडल काढताना भुगा तोंडावर उडतो म्हटलं की सोलेनॉइडमध्ये, म्हणजे विजेवर उघड-बंद होणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, गाळ बसलाय, म्हणजे रोजची पावडर टाकून बॅकफ्लशिंग, उलट्या पाण्याने धुणं, कोणी करत नाही (विचारलं की सगळे "करतो ना" म्हणतात). एकाच ग्रुपला पाणी बारीक येतंय तर जेट किंवा जाळी, दोन्हीला बारीक येतंय तर आधी मशीनच्या मागची पाण्याची कॉक बघा, कोणीतरी झाडताना अर्धी फिरवलेली असते. आणि बहुतेक वेळा निदान बरोबरच येतं, म्हणून तर सवय लागते.

तर एका कॅफेच्या मॅडमचा फोन आला की स्टीम येत नाहीये, वाँडमधून, म्हणजे दुधात वाफ सोडायच्या नळीतून, नुसतं गरम पाणी थुंकतंय, दूध फेसाळण्याऐवजी पातळ होतंय. मी म्हटलं बॉयलर ओव्हरफिल होतोय, प्रोबवर, म्हणजे पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सळईवर, क्षार बसले असणार, अर्ध्या तासाचं काम. मॅडम पुढे म्हणाल्या, "पंधरा दिवसांपूर्वी तुम्हीच उघडलं होतं ना मशीन? त्यानंतरच सुरू झालंय हे." हे वाक्य पण आम्हाला सवयीचं आहे, डॉक्टरांना आणि आम्हाला दोघांनाही रोज ऐकावं लागतं. पण या वेळी जरा टोचलं, कारण खरंच पंधरा दिवसांपूर्वी मी हीटिंग एलिमेंटचं गॅस्केट बदललं होतं, त्यासाठी बॉयलर पूर्ण रिकामा केला होता, आणि आत एवढा पांढरा थर होता की तासभर साफच करत बसलो होतो.

दुपारी गेलो. मशीन एकदम शहाण्यासारखं चाललेलं. दोन ग्रुपचं हीट एक्स्चेंजरवालं मशीन, म्हणजे शॉटचं पाणी बॉयलरच्या आतल्या वेगळ्या नळीतून तापत जातं, बॉयलरचा काटा 1.2 बारवर स्थिर, शॉट लावला की पंप 9 बार दाखवतोय, स्टीम कोरडी आणि जोरदार. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दादा, सकाळी या, सकाळी बघा याचा तमाशा." मी मनात म्हटलं हो रे बाबा. आलोच आहे तर प्रोब काढून बघितला, हलका थर होता, पॉलिश पेपरने चकचकीत केला, परत बसवला, बिल न करता निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला परत फोन. परत तेच. आणि या वेळी मॅडमचा आवाज बर्फासारखा, "अहो, तुम्ही नक्की काय केलंत काल?"

प्रोब म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॉयलरच्या वरच्या बाजूने स्टीलची एक सळई आत सोडलेली असते, बाकी बॉडीपासून वेगळी ठेवलेली. मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्या सळईला अगदी कमी व्होल्टेजचा सिग्नल देतो. पाणी वर येऊन सळईच्या टोकाला टेकलं की पाण्यातून बॉयलरच्या धातूपर्यंत सर्किट पूर्ण होतं, बोर्डाला कळतं की भरलं, भरायचा व्हॉल्व्ह आणि पंप बंद. पाणी खाली गेलं की सर्किट तुटतं, परत भरायला सुरुवात. बस एवढंच, यात फ्लोट नाही की काही हलणारं नाही. सळईवर क्षारांचा थर बसला की तिला पाणी "लागत" नाही आणि मशीन भरतच राहतं. वरची वाफेची जागा संपली की वाँडमधून वाफेऐवजी पाणी येणारच. बोर्डात एक टाइम-आउट असतो, ठराविक वेळ भरूनही सिग्नल आला नाही की तो भरणं थांबवतो आणि दिवे लुकलुकायला लागतात. मग माणूस काय करतो? स्विच बंद, स्विच चालू. म्हणजे टाइम-आउट शून्यापासून, आणि आणखी एक हप्ता पाणी आत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी त्यांच्या शटरसमोर उभा, पोरगा चावी घेऊन डोळे चोळत आला.

गार मशीन बघायला मिळणं ही आमच्यासाठी चैन असते, आम्ही जातो तेव्हा ते तापलेलंच असतं. समोरचं पॅनेल काढलं, लेव्हलच्या काचेच्या नळीवर टॉर्च मारला. पाणी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे. म्हणजे रात्रभर बंद असताना लेव्हल वर गेलेली नाही, आणि मागची पाण्याची कॉक तर रात्रभर उघडीच होती. इथेच दोन संशयित सुटले. भरायच्या सोलेनॉइडमध्ये कचरा अडकून तो गळत असता, किंवा हीट एक्स्चेंजरच्या नळीला बारीक भोक पडून शॉटचं पाणी बॉयलरमध्ये झिरपत असतं, तर मशीन बंद असतानाही लाइनच्या प्रेशरने बॉयलर भरत राहिला असता. हे दुसरं भोकाचं प्रकरण फार खर्चिक आणि डोक्याला ताप असतं, ते नाही म्हटल्यावर जरा बरं वाटलं.

मग स्विच एक नंबरवर ठेवला, म्हणजे पंप आणि बोर्ड चालू, हीटर बंद. लगेच पंप गुणगुणायला लागला. ते बरोबरच आहे, तापलेलं पाणी रात्रभरात गार होऊन आकसतं, लेव्हल प्रोबच्या खाली उतरते, सकाळी मशीन थोडं भरतंच. नळीत पाणी चढताना बघत होतो. नेहमीच्या जागेवर आलं. थांबलं नाही. वरच्या खुणेवर आलं, तरी पंप चालूच. पोरगा मागून म्हणाला, "बघा, म्हटलं होतं ना."

मी प्रोबची वायर काढली आणि तिचं टोक बॉयलरच्या बॉडीला टेकवलं. टक. पंप बंद. वायर बाजूला केली, काही सेकंदांनी परत चालू. परत टेकवली, टक. म्हणजे बोर्ड ठीक, वायर ठीक, अर्थिंग ठीक. स्विच बंद करून प्रोब बाहेर काढला तर परवा मीच घासलेला, आरशासारखा. सगळं चांगलं आणि तरी मशीन बिघडलेलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की आपणच एलिमेंट बसवताना काहीतरी गाढवपणा केलाय जो आपल्याला दिसत नाहीये. दहा मिनिटं मी नुसता त्या उघड्या मशीनसमोर स्टुलावर बसून होतो, पोरगा खुर्च्या लावत होता आणि मधूनमधून माझ्याकडे दयेने बघत होता.

मग सहज म्हणून त्याला विचारलं की दुपारी आपोआप ठीक कसं होतं रे? तो म्हणाला, "आपोआप नाही दादा, मी करतो. गरम पाण्याच्या नळातून तीन-चार जग पाणी काढून फेकतो, मग स्टीम येते. रोज सकाळचं कामच झालंय ते. आधी एक जग काढलं की भागायचं, आता चार लागतात." आणि मग स्वतःहूनच, "कॉफी पण बेकार येतेय हो आजकाल, आंबट आणि पातळ, रोज ग्राइंडर फिरवतोय. मॅडमनी बियावाल्याला पण झापलं."

आंबट आणि पातळ. मी स्टुलावरून उठून थेट सिंकखाली वाकलो. तिथे एक नवीकोरी आरओची पेटी लावलेली, बाजूला साठवणीची टाकी, आणि तिथून नळी सरळ मशीनला. पंधरा दिवसांपूर्वी ही नव्हती. "हे कधी बसवलं?" "तुम्ही गेलात ना त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पोराला दोन काचेचे ग्लास मागितले. एकात आरओच्या टाकीचं पाणी, दुसऱ्यात सिंकच्या साध्या नळाचं. बाहेर काढलेल्या प्रोबला त्याची वायर जोडली, दुसरी एक वायर बॉडीला लावून तिचं उघडं टोक ग्लासात सोडलं, मग स्विच एकवर. भरायचा पंप सुरू झाला. प्रोब आरओच्या ग्लासात बुडवला, पार तळापर्यंत. पंप चालूच. हलवून बघितला, वायरच्या अगदी जवळ नेला, काही नाही, जणू रिकाम्या ग्लासात धरलाय. मग तोच प्रोब साध्या पाण्याच्या ग्लासात नेला आणि टोक नुसतं टेकलं, अजून बुडलंही नव्हतं.

टक.

पोरगा हातातली खुर्ची तशीच धरून उभा. दोन्ही ग्लासातलं पाणी दिसायला सेम टू सेम. मीटर घातला, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, नळाच्या पाण्याचा 340, आरओचा 8.

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही, ते काम त्यात विरघळलेले क्षार करतात. आरओने क्षार काढले, तिथे प्रोब आंधळा झाला. पण मग पेटी बसवल्या दिवशीच का नाही बिघडलं? कारण मी गॅस्केट बदलून बॉयलर भरला तेव्हा जुनंच जड पाणी भरलं होतं. वाफ जाते ती क्षार मागे ठेवून जाते, त्यामुळे नुसत्या स्टीमवर ते पाणी कितीतरी दिवस पुरलं असतं. ते पातळ केलं गरम पाण्याच्या नळाने. अमेरिकानोसाठी रोज काढलेलं पाणी, त्याच्या जागी आत येणारं आरओचं. आणि सकाळ-दुपारचा खेळ? पाणी तापलं की त्याची वीज वाहून न्यायची क्षमता वाढते, अंशाला साधारण दोन टक्के. म्हणजे काठावरचं पाणी गार असताना प्रोबला दिसत नव्हतं, तापलं की दिसत होतं. सकाळी तमाशा, दुपारी शहाणपणा. आणि पोरगा बिचारा चार जग फेकून जे उरलेसुरले क्षार होते तेही रोज बाहेर काढत होता, त्याच्या इलाजानेच आजार वाढत होता. हे त्याला सांगितलं नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

चवीचंही तेच. पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर कॉफी नीट उतरते, बायकार्बोनेट असेल तर आंबटपणा आटोक्यात राहतो. कॉफीवाल्यांच्या जगात टीडीएस 75 ते 250 मधला चालतो, 150 च्या आसपास उत्तम. 8 म्हणजे काहीच नाही, आणि असं भुकेलं पाणी बॉयलरच्या तांब्या-पितळेतून खायला बघतं ते वेगळंच. काही लोक सांगतात की बॉयलरमध्ये चिमूटभर मीठ टाका, प्रोब चालायला लागतो. लागतो हो, पण मीठ धातू कुरतडतं, कृपा करून असलं काही करू नका.

इलाज फुकटचा निघाला. आरओच्या पेटीलाच मिक्सिंगचा स्क्रू होता, थोडं फिल्टर झालेलं पण आरओतून न गेलेलं पाणी परत मिसळायचा. प्लंबरने तो आवळून पूर्ण बंद केला होता, जितकं शुद्ध तितकं चांगलं या हिशोबाने. थोडा थोडा उघडत गेलो, टाकी रिकामी करून परत भरू दिली, मीटर बघत बघत 120 वर आणला, म्हणजे साधारण एक भाग कच्चं पाणी आणि दोन भाग आरओचं. बॉयलर रिकामा केला, प्रोब बसवला, स्विच एकवर. नळीत पाणी चढलं, नेहमीच्या जागेवर आलं, टक. मी अजून दोनदा रिकामा करून भरून बघितला. गरज नव्हती, पण तो आवाज ऐकायचा होता.

साडेआठला मॅडम आल्या तेव्हा पोरगा दुसरा शॉट काढत होता, ग्राइंडर परत जुन्या खुणेवर नेऊन. त्यांनी एक घोट घेतला, काही बोलल्या नाहीत, दुसरा घेतला. मग मी जरा ताठ उभा राहून सगळं समजावलं, दोन्ही ग्लास समोर ठेवून, आणि शेवटी म्हटलं की बघा, म्हणजे माझ्या कामात काही चूक नव्हती, हे त्या आरओमुळे झालं.

"हो का," असं म्हणून त्यांनी ड्रॉवरमधून फाइल काढली आणि मागच्या वेळचं माझं जॉब कार्ड समोर धरलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी खूप जड आहे. लवकरात लवकर चांगला फिल्टर बसवून घेणे.' 'चांगला' या शब्दाखाली दोन रेघा.

त्या दिवशीचं कार्ड मी जरा सविस्तर लिहिलं. मिक्सिंगचा स्क्रू किती उघडा ठेवायचा, मीटरवर किती आकडा यायला हवा, महिन्यातून एकदा कोणी बघायचं, सगळं. आणि रकमेच्या रकान्यात काट मारली.