धोटा आणि शटल

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही सात माणसं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि इंग्रजी फक्त शाळेत. मागाच्या खडखडाटात शब्द पाठ करायचे, परीक्षा झाली की विसरायचे, असं नववीपर्यंत चाललं.

नववीत इंग्रजीच्या सरांनी विचारलं, "कुणाकुणाच्या घरी माग आहेत?" बरेच हात वर झाले. माझा झाला नाही, लाज वाटली. "उद्या कुणीतरी धोटा आणा," एवढंच सर म्हणाले. रात्रभर विचार करून तो मीच नेला. धोटा म्हणजे आडवा धागा मागावर इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा. दोन्ही टोकं लोखंडी, पोटात सुताने भरलेली कांडी. सरांनी तो हातात तोलला आणि फळ्यावर लिहिलं, 'शटल'. जुन्या इंग्रजीत हा शब्द फेकायच्या बाणाचा. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांतून बाणासारखा सुटतो, म्हणून मागावरच्या धोट्याला तेच नाव पडलं. १७३३ साली इंग्लंडात जॉन के यांनी दोरीच्या हिसक्याने धोटा पळवायची युक्ती काढली. पुढे दोन ठिकाणांत ये-जा करणारी गाडी शटल झाली आणि अवकाशात जाऊन परत येणारं यानसुद्धा.

त्या तासाला सर थांबलेच नाहीत. 'क्लू' म्हणजे मुळात सुताचा गुंडा. ग्रीक कथेतला थीसिअस भुलभुलैयात शिरतो तो अ‍ॅरिअ‍ॅडनीने दिलेला गुंडा उलगडत, आणि तेच सूत धरून बाहेर येतो. "आणि आपण मराठीत काय म्हणतो?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "धागादोरा!" पोलिसांच्या हाती धागादोरा लागला, हे आम्ही पेपरात नेहमी वाचायचो. दोन भाषांना एकच गोष्ट सुचली होती, आणि ती आमच्या घरातली होती.

'टेक्स्ट' आणि 'टेक्स्टाइल' सख्खी भावंडं, दोघांचं मूळ लॅटिनमधलं 'विणणे'. आपला 'ग्रंथ' गुंफण्यावरून आला आणि पाणिनीची 'सूत्रं' तर सरळ सूतच. 'कॅलिको' कालिकतवरून, 'चिंट्झ' म्हणजे आपलं चीट, नक्षीचं छापील कापड, 'डंगरी' मुंबईच्या डोंगरीवरून. हे शब्द इथलं कापड घेऊन तिकडे गेलेले.

'स्पिन्स्टर' मात्र मला आईपाशी घेऊन गेला. सूत कातणारी ती स्पिन्स्टर. अविवाहित बाई हा अर्थ मागाहून चिकटला. बाईच्या हातचं काम शब्दातून पुसलं गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. माझी आई पहाटेपासून कांड्या भरायची. त्या दिवशी घरी जाऊन मी तिच्याशेजारी बसलो आणि काही न बोलता कांड्या भरू लागलो.

आता गल्लीत रॅपिअर माग आलेत, त्यांना धोटा लागत नाही. 'लूम' या शब्दाचा जुना अर्थ नुसतं 'हत्यार', घरातली कोणतीही कामाची वस्तू. वडिलोपार्जित ठेव्याला इंग्रजीत 'एअरलूम' म्हणतात ते त्यामुळेच. वर्गात नेलेला तो धोटा मी जपून ठेवला होता. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो शाळेला देत आहे. काचेच्या कपाटात नको. नववीच्या वर्गात, सरांच्या टेबलावर राहू द्या. मुलांनी तो हातात घ्यावा.