पाळी जाताना येणारा विसर आणि आईचा आजार

आईला अल्झायमर आहे. मी ५१ वर्षांची आहे, आणि पाळी आता कधी दोन महिन्यांनी येते, कधी चार. मी रसायनशास्त्र शिकवते. वर्षानुवर्षं तोंडात बसलेली नावं फळ्यासमोर उभी असताना अचानक निसटायला लागली. एकदा विक्रिया डोळ्यांसमोर होती, हात समीकरण लिहीत होता, पण ‘उत्प्रेरक’ हा शब्द काही केल्या जिभेवर येईना. शेवटी मुलांनीच तो सांगितला. त्या रात्री मी जागीच होते. आईचंही असंच सुरू झालं असणार, हा एकच विचार डोक्यात होता.

नंतर शांतपणे आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की आईचं असं सुरू झालं नव्हतं. शब्द तिला भराभर सापडायचे. सकाळी झालेलं बोलणं मात्र झालंच नाही, असं ती ठामपणे सांगायची. आठवण करून दिली तरी तिला खूण पटायची नाही, कारण मुळात ते मनात साठलंच नव्हतं. आणि आपण काही विसरतोय हेही तिला जाणवत नव्हतं, काळजी करायचो ती आम्ही. माझं उलट आहे. शब्द थोड्या वेळाने आपोआप येतो, कुणी पहिलं अक्षर सांगितलं तर लगेच येतो, आणि विसरल्याचं मला नको इतकं भान असतं. आईला तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या की हाच फरक त्याही आधी पाहतात. माझ्यासारखी भीती घेऊन येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका त्यांच्याकडे पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा स्मृतिभ्रंश, नसतो. या वयात डिमेन्शिया दुर्मीळ आहे.

आईच्या बाबतीतली एक गोष्ट मात्र मला अजून सलते. तिची पहिली स्मृतिचाचणी चांगली आली होती. शब्दांची यादी ऐकवून ती परत म्हणायला लावतात, त्यात तिने चांगले गुण मिळवले. वयाप्रमाणे होतं, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. घरात रोज काय दिसतंय ते आम्ही सांगत होतो, पण कागदावर गुण होते. पुढे वाचताना कळलं की शब्दांच्या स्मृतीत बायका सरासरी पुरुषांपेक्षा सरस असतात, आणि मेंदूत आजार सुरू झाला तरी ही आघाडी काही काळ टिकते. स्त्री-पुरुषांना एकच मोजपट्टी लावली की बाईचा आजार उशिरा पकडला जातो. म्हणून घरच्यांना बदल दिसत असेल तर एका चाचणीवर थांबू नका. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी मागा. तिचे आजचे गुण तिच्याच आधीच्या गुणांशी ताडून पाहायला हवेत.

आता पाळीकडे वळते. बारा महिने सलग पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. नैसर्गिकपणे हे बहुतेकींना ४५ ते ५५ या वयात होतं. त्याआधीचा अनियमित पाळीचा काळ म्हणजे पेरिमेनोपॉज. तो अनेक वर्षं चालतो, आणि डोक्यातलं धुकं, म्हणजे असा विसर पडणं, बहुधा याच काळात दाटतं. ते खरं असतं का, की बायकांच्या मनाचे खेळ? अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘स्वॉन’ नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. वेगवेगळ्या वंशांच्या हजारो स्त्रियांची दर काही काळाने तपासणी केली गेली. त्यांपैकी २,३६२ जणींच्या चार वर्षांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच चाचणी पुन्हा दिली की सरावाने माणसाचे गुण थोडे वाढतात. पेरिमेनोपॉजमधल्या बायकांमध्ये ही वाढ दिसली नाही. शब्द लक्षात ठेवण्यात आणि विचारांच्या वेगात त्या जिथल्या तिथे राहिल्या. पाळी पूर्ण थांबल्यावर मात्र सरावाचा फायदा पुन्हा दिसू लागला.

हा निष्कर्ष वाचून मला किती हायसं वाटलं, सांगता येत नाही. म्हणजे तक्रार खरी होती, मोजताही आली, आणि बहुतेकींच्या बाबतीत ती टिकून राहिली नाही. अल्झायमर असा मागे फिरत नाही.

हे का होतं, याचं उत्तर माझ्या विषयाच्या जवळचं आहे. अंडाशयं जे मुख्य इस्ट्रोजेन तयार करतात त्याचं नाव एस्ट्रॅडिऑल. कार्बनचे १८ अणू असलेला, कोलेस्टेरॉलपासून बनणारा छोटासा रेणू. पाळी आणि गर्भारपण यांच्याशी जोडून तो आपल्याला शिकवला जातो. पण त्याला ओळखून पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूतही आहेत. नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आहेत, आणि एका वेळी चार गोष्टी मनात धरून ठेवणाऱ्या कपाळामागच्या भागातही आहेत. मेंदूच्या पेशी ग्लुकोज कसं वापरतात, एकमेकींशी जोडण्या कशा करतात, यात या रेणूचा हात असतो. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात लिसा मॉस्कोनी यांच्या गटाने पाळी चालू असलेल्या, पाळी जातानाच्या आणि गेल्यानंतरच्या बायकांच्या मेंदूंची स्कॅनद्वारे तुलना केली. २०२१ च्या त्यांच्या शोधनिबंधात या टप्प्यांनुसार मेंदूची रचना, जोडण्या आणि ऊर्जेचा वापर यांत फरक दिसले. काही भागांत नंतर सावरण्याच्या खुणाही दिसल्या. त्याच गटाने २०२४ मध्ये जिवंत मेंदूतले इस्ट्रोजेनचे ग्राहक पेट स्कॅनवर पाहिले. हार्मोन कमी झालेल्या बायकांमध्ये ते जास्त आढळले. उरलेलं थोडं हार्मोन पकडण्यासाठी मेंदू ग्राहक वाढवत असावा, असा एक अर्थ लावला जातो. हे अभ्यास लहान आहेत, त्यावरून कुणाचं भविष्य सांगता येत नाही. पण या काळात मेंदू स्वतःची नव्याने जुळवाजुळव करतो, ही गोष्ट मला पटते.

पाळी जाण्याच्या काळात अंगातून निघणाऱ्या गरम वाफांचा उगमही मेंदूतच आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी किस्पेप्टिन, न्यूरोकिनिन बी आणि डायनॉर्फिन ही तीन रसायनं तयार करतात. इस्ट्रोजेन त्यांना लगाम घालतं. ते ओसरलं की या पेशी फुगतात, जास्त सक्रिय होतात आणि शेजारच्या तापमान-नियंत्रणाला गरज नसताना इशारा देतात. त्वचेवरच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, छाती धडधडते. ही साखळी उलगडली म्हणून न्यूरोकिनिनचा मार्ग अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध बनवता आलं. त्यात हार्मोन नाही. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

मला वाटतं, रात्रीच्या वाफांकडे फार कमी लक्ष दिलं जातं. त्वचेवर संवेदक लावून मोजलं तर बाई सांगते त्याहून जास्त वाफा येत असल्याचं दिसतं, कारण काही झोपेत येऊन जातात. संशोधक पॉलीन माकी यांच्या अभ्यासात अशा यंत्राने मोजलेल्या वाफा जितक्या जास्त तितकी शब्दांची स्मृती कमी, असं नातं दिसलं. आणखी एक संशोधक रिबेका थर्स्टन यांच्या गटाला झोपेतल्या वाफा आणि एमआरआयवर दिसणारे पांढरे ठिपके यांचं नातं सापडलं. हे ठिपके म्हणजे बहुधा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरच्या ताणाची खूण. यावरून वाफांमुळे डिमेन्शिया होतो असं कुणीही समजू नये, ते सिद्ध झालेलं नाही. पण ‘सहन कर, सगळ्यांनाच होतं’ असं सांगून एखाद्या बाईला वर्षानुवर्षं अर्धवट झोपेत ठेवणं मला अक्षम्य वाटतं. सलग झोप मिळायला लागल्यावर माझं धुकं बरंच विरळ झालं, हा माझा अनुभव.

आता भीतीचा खरा प्रश्न. अल्झायमर असलेल्यांमध्ये साधारण दोनतृतीयांश बायका असतात. याचं मोठं कारण साधं आहे. बायका जास्त जगतात, आणि वय हाच या आजाराचा सगळ्यात मोठा धोका आहे. उरलेल्या फरकात हार्मोन, जनुकं, आधीच्या पिढ्यांत बायकांना नाकारलेलं शिक्षण, यांतलं कशाचं किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे. मेंदूत अमिलॉइड हे अल्झायमरशी जोडलेलं प्रथिन साचायला लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरुवात होऊ शकते. सत्तरीत दिसणाऱ्या आजाराची पायाभरणी पन्नाशीत, म्हणजे नेमकी पाळी जाण्याच्या आसपास होऊ शकते.

इथे मला ताईबद्दल लिहायचंय, तिला विचारूनच लिहितेय. ४१ व्या वर्षी रक्तस्राव फार होतो म्हणून तिची पिशवी काढली. सोबत दोन्ही अंडाशयंही काढली. ‘आता उपयोग काय त्यांचा, उद्या कॅन्सर नको’ एवढंच स्पष्टीकरण मिळालं. निसर्गाने जे इस्ट्रोजेन काही वर्षांत हळूहळू उतरवत आणलं असतं ते काही दिवसांत तळाला गेलं. घरी जाताना कागदावर लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या होत्या. हार्मोनबद्दल एक अक्षरही नव्हतं. पुढची दोन-तीन वर्षं ती चिडायची, रडायची, हिशेब चुकायचे. आम्ही ऑपरेशनचा अशक्तपणा म्हणत राहिलो.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोक्का यांच्या गटाने २००७ मध्ये यावर महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी जाण्याआधी अंडाशय काढलेल्या बायकांमध्ये पुढे बौद्धिक क्षमता घटण्याचा किंवा डिमेन्शियाचा धोका जास्त दिसला, आणि ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी तितका तो वाढत गेला. ज्यांनी किमान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलं त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. ४५ च्या आत पाळी गेली, आपोआप किंवा ऑपरेशनने, आणि स्तनाच्या कॅन्सरसारखं काही आड येत नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं आज तज्ज्ञ संस्थाच सांगतात. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकदोष असलेल्यांची गोष्ट वेगळी, तिथे अंडाशयं काढल्याने जीव वाचतो.

वेळेवर पाळी गेलेल्यांनी मेंदूसाठी हार्मोन घ्यावेत का? याचं उत्तर सध्या नाही असं आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ‘विम्स’ या चाचणीचे निकाल आले. ६५ वर्षांवरच्या ४,५३२ स्त्रियांपैकी एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनांची जोडगोळी दिली होती, दुसऱ्याला औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. औषध घेणाऱ्या गटात डिमेन्शिया ४० जणींना झाला, दुसऱ्या गटात २१ जणींना. जगभर घबराट पसरली आणि पन्नाशीच्या बायकांच्याही गोळ्या बंद झाल्या. पण या स्त्रिया ६५ च्या पुढच्या होत्या, पाळी जाऊन दशक उलटून गेलेल्या, आणि गोळीतलं इस्ट्रोजेन घोड्यांपासून मिळवलेलं होतं. नुकतीच पाळी गेलेल्या निरोगी बायकांवर ‘कीप्स’ ही चाचणी झाली. त्यांना चार वर्षं हार्मोन दिले, आणि चाचणी संपल्यावर सुमारे दहा वर्षांनी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या पुन्हा घेतल्या. फायदाही दिसला नाही, तोटाही नाही. म्हणून वाफा आणि झोपमोड यांनी जीव नकोसा झाला असेल, वय साठच्या आत असेल, आणि डॉक्टरांनी स्तन, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका, हृदय पाहून संमती दिली, तर हार्मोन हा चांगला उपाय आहे. फक्त डिमेन्शिया टाळायला म्हणून ते घेऊ नयेत, आणि भीतीपोटी नाकारूही नयेत.

जे हाती आहे ते पुष्कळ आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके मांडलेत. ते सगळे आयुष्यभर टाळता आले तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यातले मधुमेह, रक्तदाब, वजन आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, नेमके पाळी जाताना डोकं वर काढतात. स्वॉनमध्येच शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात एलडीएल झपाट्याने चढताना दिसलं. माझंही चढलं होतं, त्यावर आता गोळी चालू आहे. ऐकू कमी येणं हाही या यादीतला मोठा धोका, आणि यंत्र लावायला आपण सगळेच कचरतो. आईने ते फार उशिरा लावलं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं पाळी गेल्यावर वाढतं. ‘बायका कुठे घोरतात’ म्हणत ते तपासलं जात नाही. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासण्या तर धुक्याला पाळीचं नाव देण्याआधीच करायला हव्यात. नैराश्याचंही तसंच. त्यानेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका मैत्रिणीला, वय ४३, गाठींसाठी पिशवी काढायला सांगितली. ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले. गाठी गर्भाशयाच्या आहेत, मग अंडाशयं काढायचं कारण काय? घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कुणाला झालाय, हे विचारात घेतलंय का? नुसत्या बीजवाहक नळ्या काढून अंडाशयं ठेवता येतील का? काढावीच लागली तर इस्ट्रोजेन कधी सुरू होणार, किती वर्षं, आणि ते कोण बघणार? ऑपरेशनच्या संमतिपत्रावर नेमकं काय काय काढणार ते लिहिलंय का? कागद घेऊन ती गेली. तिच्या सर्जनने प्रश्न नीट वाचले, सोनोग्राफी पुन्हा पाहिली आणि अंडाशयं ठेवायचं ठरवलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. कागदावरच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ती सही करण्याआधी स्वतः वाचून घेणार आहे.