जीपीई ६एफ सापडला आणि लॅपटॉप थंडावला

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे तापणाऱ्या लॅपटॉपचा पंखा स्वच्छ केला, प्रोसेसरवरची खडूसारखी भुगा झालेली पेस्ट खरवडून नवी लावली, तरीही लिनक्सवर काहीही न चालवता तापमान ८९ अंशांवर टेकत होते. आय५-७२००यू हा १५ वॉटचा प्रोसेसर असून त्याची मर्यादा १०० अंशांची आहे, त्यामुळे कोल्हापूरच्या मे महिन्यात मला धास्ती वाटू लागली. विंडोजवर मात्र हेच यंत्र ४८ अंशांवर राहत होते, आणि या एका गोष्टीचा आधी विचार केला असता तर पेस्टवर घालवलेले दोन रविवार वाचले असते.

तापमान आवरणाऱ्या थर्मल्डी या प्रोग्रॅमने फरक पडला नाही. गरजेनुसार प्रोसेसरचा वेग वाढवणारा टर्बो बंद केल्यावर वेग ३.१ वरून २.५ गिगाहर्ट्झवर येऊन पारा ७४ पर्यंत उतरला, पण मूळ आजार तसाच राहिला. वीज वाचवणारे टीएलपी हे साधन बॅटरीसाठी उत्तम आहे, परंतु तशाच कामाचे पॉवर-प्रोफाइल्स-डीमन सोबत ठेवू नये, कारण दोघांची कामे एकमेकांच्या आड येतात.

खरी दिशाभूल पॅनेलवरच्या आलेखाने केली. तो जेमतेम १८ टक्के भार दाखवत होता, पण ती प्रोसेसरच्या चार थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची) सरासरी होती. चालू प्रक्रियांची यादी दाखवणाऱ्या टॉपमध्ये १ दाबल्यावर एकच थ्रेड ७० टक्क्यांवर अडकलेला दिसला, आणि यादीत सर्वांत वर असलेल्या केवर्करच्या (कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, कामे करणाऱ्या प्रक्रियेच्या) नावापुढे केएसीपीआयडी असे लिहिलेले होते. म्हणजे एखादे हार्डवेअर एसीपीआयमार्फत (हार्डवेअर आणि प्रणाली यांच्यातील वीज-व्यवस्थापनाच्या यंत्रणेमार्फत) कर्नलला सतत हाका मारत होते. सिस फाइलप्रणालीतील एसीपीआयच्या इंटरप्ट्स (हार्डवेअरचे इशारे) फोल्डरमधील बहुतेक गणक शून्यावर होते. जीपीई ६एफ या एका इशाऱ्याचा आकडा मात्र तासाभरात दोन कोटींवर गेला होता आणि प्रत्येक वाचनागणिक हजारोंनी वाढत होता. रात्री दीड वाजता रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन जीपीई ६एफच्या फाइलमध्ये डिसेबल लिहिले. अर्ध्या मिनिटात पंख्याचा आवाज उतरत गेला आणि कित्येक दिवसांत प्रथमच खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. तापमान ५१ अंश, तेही टर्बो सुरू ठेवून!

रीबूट केल्यावर हा बदल पुसला जातो, म्हणून यंत्र सुरू होताना तो पुन्हा करणारी सिस्टमडीची सेवा लिहिली. मात्र ही नोंद लिहितानाच वाटले की ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) एसीपीआय मास्क जीपीईचा पर्याय देणे अधिक चांगले, कारण मग हा इंटरप्ट बूटपासूनच दबलेला राहील. ब्राइटनेसच्या कळा आणि झाकण व्यवस्थित चालतात. सस्पेंडमधून उठल्यावर चार्जरची नोंद होते का, हे अजून तपासायचे आहे.

उद्यमनगरातील वर्कशॉपमध्ये दोन पंख्यांचा ॲल्युमिनियमचा स्टँड करून घ्यायचे ठरले होते. आता पंखे रद्द करून मागची बाजू दोन इंच उचलणारा साधा पत्राच वाकवून घेणार आहे. तो हाती आला की कर्नल कंपाइल करताना तापमान किती चढते ते मोजून पुढच्या नोंदीत आकडे देईन.