घर का सोडत नाही, असे तुम्ही विचारलेत म्हणून

रात्री कोयते घेऊन गाड्या फोडणाऱ्या मुलांच्या वस्तीत तुम्ही घर सांभाळता तरी कसे आणि सोडून का जात नाही, हे मला कार्यालयात, लग्नकार्यात आणि माहेरी इतक्या वेळा विचारून झाले आहे की एकदा लिहूनच टाकावे असे ठरवले. वस्ती पुण्याच्या दक्षिण भागातली आहे. गल्लीचे नाव देणार नाही, कारण लिहिलेले त्या मुलांपर्यंतही पोहोचते.

सोडून जाण्याचे उत्तर लहान आहे. आमची इमारत गुंठेवारीतली, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची, नियमित न झालेली. घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही आणि रोखीने घेणारा निम्म्या किमतीच्या वर बोलत नाही. शिवाय विचारणारे बहुतेक कोथरूडचे असतात. ५ जानेवारी २०२४ रोजी गुंड शरद मोहोळचा खून तिथल्याच सुतारदऱ्यात भरदिवसा झाला, पण म्हणून कोणी कोथरूड सोडल्याचे माझ्या कानावर नाही. हे मी चिडून लिहिते आहे, तरी ते खोटे नाही.

सांभाळण्याबद्दल सांगायचे तर लोखंडी दार, गॅलरीला जाळी आणि वर्गणी काढून बसवलेला कॅमेरा, एवढे आमच्याकडे आहे. चोरासाठी ते पुरेसे असेल. कोयता घेऊन फिरणारी ही मुले मात्र घरात शिरत नाहीत; रस्त्यावर उभ्या गाड्या फोडतात, कारण त्यांना काही न्यायचे नसते, गल्लीने घाबरावे एवढेच हवे असते. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर फुटलेल्या काचेचा एक रुपया मिळत नाही, आणि गल्लीतल्या बहुतेकांचा तेवढाच असतो. ‘घरात एखादे हत्यार ठेवा’ म्हणणाऱ्यांनी भारतीय न्याय संहितेतील स्वसंरक्षणाची कलमे, ३४ ते ४४, वाचावीत. रात्री घर फोडून शिरणाऱ्याच्या बाबतीत कायदा बरीच मोकळीक देतो. रस्त्यावरच्या गाडीची काच फोडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचे डोके फोडण्याची देत नाही.

आमच्या गल्लीतल्या गाड्या फोडल्या त्या रात्री एकच्या सुमारास पहिली काच फुटली. मग दुसरी, आणि डांबरावर कोयता घासत नेल्याचा आवाज. यजमान काठी घेऊन दाराकडे निघाले. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले आणि दिवा लावू दिला नाही. न्हाणीघरात जाऊन ११२ला फोन केला, दबक्या आवाजात पत्ता सांगितला. तो नीट कळला नसावा, कारण थोड्याच वेळात बीट मार्शलचा, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसाचा, उलट फोन आला आणि अंधारात माझा मोबाइल मोठ्याने वाजला. खाली शांतता पसरली. ‘वर कोण आहे रे?’ असे कोणी तरी ओरडले. मी तोवर गॅलरीच्या दाराशी आले होते आणि जाळीतून खाली पाहत होते. एका मुलाने मान वर केली आणि दिव्याच्या खांबाखाली त्याचा चेहरा मला स्वच्छ दिसला. मागच्या गल्लीतला. त्याची आई आणि मी एकाच दुकानात किराणा भरतो.

सकाळी ती आली. ‘ताई, तुमच्या कॅमेऱ्यात काय दिसतंय?’ एवढेच तिने विचारले. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारे यंत्र, पोलिसांनी नेला, असे मी सांगितले. तो तेव्हा आमच्याच कपाटावर होता. ते बोलल्याचे मला वाईट वाटत नाही, तुम्हाला वाटले तर वाटो. दुपारी यजमानांनी तो पोलिसांना दिला. मी आधी इमारतीच्या बैठकीत ठासून सांगितले होते की कॅमेरा सगळ्यांचा आहे, म्हणजे कोणा एकाचे नाव पुढे येणार नाही. परंतु चित्रण न्यायालयात चालायचे तर ते यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याचे सहीचे प्रमाणपत्र लागते. डीव्हीआर आमच्या घरात, म्हणून सही यजमानांची. आरोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, त्यामुळे ती सही कोणाची हे त्या घरांना कळलेच.

पकडलेल्यांपैकी जे सज्ञान होते त्यांची पोलिसांनी याच गल्लीतून धिंड काढली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. दहशतीला दहशतीचे उत्तर देऊन ती मुले सुधारतात, असे मला दिसलेले नाही. सुटल्यावर त्यातल्या एकाने ‘३०२’ लिहिलेली रील टाकली. (खुनाचे कलम जुलै २०२४ पासून १०३ झाले आहे, पण भाईगिरीत जुनाच आकडा चालतो.) तो मागच्या गल्लीतला मुलगा अल्पवयीन, म्हणून बाल न्याय मंडळापुढे गेला आणि काही दिवसांत घरी आला. चित्रणात त्याची पाठ दिसते, चेहरा नाही. तो फक्त मी पाहिला.

ज्या बाईने बैठकीत ‘साक्ष द्यायला घाबरलो तर हे थांबणार कसे?’ असे विचारले होते, ती मीच. ती म्हणेल, जबाब दे. मी तिला विचारते, मुलगी क्लासहून रात्री साडेआठला त्याच खांबाखालून येते, तिला आणायला रोज कोण जाणार? त्यावर ती म्हणेल, गप्प राहिलीस तरी मुलगी तिथूनच येणार आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि म्हणून तिचे खरे मानावे असेही मला वाटत नाही. रिक्षाची काच फुटलेले आमचे शेजारी फिर्यादी आहेत; त्यांनी मला काही दिसले का, असे एकदाही विचारलेले नाही. समन्स आले तर मी काय सांगायचे हे यजमानांचे ठरले आहे. माझे ठरलेले नाही.