लाया पळाली तेव्हा

बुधवार, रात्री उशिरा

लेक पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेली. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी : 'आई, हे वाच. मध्येच सोडू नकोस.' तीन आठवडे ते तसंच पडून होतं. आज जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला आणि उघडलं. सबा ताहिर यांची 'ॲन एम्बर इन द ॲशेस', २०१५ सालची कादंबरी. किशोरवयीन मुलांसाठीची, जादू, जिन वगैरे असलेली. मी या वाटेला कधी गेले नव्हते.

दोन प्रकरणांतच पोटात गोळा आला. लाया नावाची सतरा वर्षांची पोर, तिचा भाऊ डॅरिन आणि त्यांचे आजी-आजोबा. त्यांच्या लोकांचं राज्य पाचशे वर्षांपूर्वी मार्शल नावाच्या लढवय्या जमातीनं जिंकलेलं. त्या साम्राज्याला प्राचीन रोमचा वास आहे, नावंसुद्धा तशीच. रात्री घरावर धाड पडते. चेहऱ्यावर चांदीसारखा मुखवटा चढवलेला सैनिक आजी-आजोबांना मारून टाकतो, भावाला धरतो. का, तर त्याच्या चित्रांच्या वहीत मार्शलांच्या शस्त्रांची रेखाटनं सापडली. भाऊच तिला ओरडून सांगतो, पळ. आणि लाया पळते. भाऊ मागे राहतो.

मी पुस्तक मिटलं. राग आला, खरंच राग आला. सख्ख्या भावाला टाकून पळाली? लेकीला मेसेज केला, 'तुझी नायिका भित्री आहे.' तिचं उत्तर आलं, 'आई, पुढे वाच.'

गुरुवार

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. राग लायाचा नव्हता, हे पहाटे चहा ठेवताना उमजलं.

माझी आजी, आईची आई, हिचं माहेर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं, आता ते गाव सांगलीत येतं. शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ते १९४३ साल. इंग्रजांविरुद्ध गावोगावी उभ्या केलेल्या प्रतिसरकारचे दिवस. भूमिगत माणसं रानात असायची आणि गाव त्यांना भाकरी पोचवायचं. आजी बारा वर्षांची होती. थंडीचे दिवस, शाळू पुरुषभर उंच झालेला. तिच्या आईनं फडक्यात भाकऱ्या बांधल्या, वर खर्डा, चार कांदे, आणि ओढ्याकाठच्या खोपीत देऊन ये म्हणून सांगितलं.

पुढचं आजीच्याच शब्दांत लिहिते, कारण ती हे कायम एकाच पद्धतीनं सांगायची. "दोन शिपाई बांधावर हुबं व्हतं. माझ्याकडं बघितलंबी न्हाई त्यांनी. पर मी गठुळं शाळवात टाकलं आन् पळत सुटले. घरात येऊन कणगीमागं बसले." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. आणि म्हणायची, "उपाशी झोपली असत्याल गं माणसं."

ऐंशी वर्षांची होईपर्यंत तिनं हे सांगितलं. मी लहान असताना मला या गोष्टीची लाज वाटायची. वर्गात एका मैत्रिणीचे आजोबा तुरुंगात गेलेले, त्यांना ताम्रपट मिळालेला. ती पंधरा ऑगस्टला ऐटीत बोलायची. माझ्याकडं सांगण्यासारखं काय होतं? माझी आजी पळाली होती. चाळीस वर्षं झाली, ती लाज माझ्या आत कुठंतरी बसून होती आणि काल ती बिचाऱ्या लायावर निघाली.

शनिवार

ऑफिसला सुट्टी. सकाळची कामं टाकून वाचत बसले, भाजीला फोडणी द्यायलाही दुपार झाली.

भावाला सोडवायचं म्हणून लाया बंडखोरांकडं जाते. शहराखालच्या भुयारांत त्यांचा तळ. त्यांची अट अशी की तिनं ब्लॅकक्लिफमध्ये गुलाम म्हणून राहायचं आणि हेरगिरी करायची. ब्लॅकक्लिफ म्हणजे साम्राज्याचे सैनिक घडवणारी अकादमी, आणि लायाची मालकीण म्हणजे तिथली प्रमुख, कमांडंट. या बाईइतकी थंड क्रूर बाई मी आजवर कुठल्या कथेत वाचली नाही. ती लायाच्या छातीवर सुरीनं आपल्या नावाचं आद्याक्षर कोरते. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या इझीचा एक डोळा तिनंच फोडलेला, इझी अगदी लहान असताना. त्या घरात नोकरांना नाव नाही. स्वयंपाकीण म्हणजे 'स्वयंपाकीण', इझी म्हणजे 'स्वयंपाकघरातली पोरगी'. बस.

मला या कादंबरीतलं सगळ्यात खरं वाटलं ते हे घर. तलवारबाजी आहे, भविष्य सांगणारे ऑगर आहेत, चार परीक्षा आहेत, पण बंड खऱ्या अर्थानं चालतं ते झाडू मारताना, पाणी भरताना, निरोप पोचवताना. ज्या हातांकडं कुणी बघत नाही तेच हात दाराआडून कान देतात. लाया प्रत्येक पानावर घाबरलेली असते. तिची आई बंडखोरांची पुढारी होती, 'सिंहीण' म्हणून ओळखली जायची, आणि आपण तिच्यासारख्या नाही हे लायाला सारखं टोचत राहतं. तरी ती रोज सकाळी पुन्हा त्या बाईच्या खोलीत जाते.

वाचताना हौसाबाई पाटील आठवत होत्या. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेक, २०२१ साली पंचाण्णवाव्या वर्षी गेल्या. १९४३ सालीच त्या भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर जमिनीवर पडून होत्या आणि एक साथीदार 'नवरा' बनून त्यांना मारत होता. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले तोवर बाकीच्यांनी आतल्या बंदुका उचलल्या. वयानं त्या लायापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. बायको मार खातेय हे दृश्य इतकं रोजचं होतं, की त्यात काही डाव असेल असं पोलिसांच्या मनातही आलं नाही. त्याच गोष्टीचं त्यांनी हत्यार केलं. ताहिरबाईंना आपली ही गोष्ट कुणी सांगितली असती तर त्यांनी ती नक्की कुठंतरी विणली असती.

ताहिर मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातल्या, कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात आईवडिलांच्या १८ खोल्यांच्या मोटेलमध्ये वाढल्या. पुढं 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये कॉपी एडिटर असताना काश्मीरमधल्या बायकांविषयी त्यांच्या वाचनात आलं. ज्यांचे नवरे, भाऊ, मुलगे सैनिकांनी नेले आणि परत आलेच नाहीत, अशा बायका. या कादंबरीचं बीज तिथलं. माझा भाऊ नेला असता तर मी काय केलं असतं, या प्रश्नातून लाया आली. हे वाचल्यावर बुधवारी केलेला मेसेज पुसून टाकावासा वाटला.

रविवार, सकाळ

संपली. शेवटच्या शंभर पानांत जीव टांगणीला लागला होता.

दुसरी बाजू एलियसची. तो कमांडंटचा मुलगा, अकादमीतला उत्तम सैनिक, आणि त्यालाच तिथून पळून जायचंय. एक प्रकरण लाया सांगते, एक तो. सुरुवातीलाच अकादमी सोडून पळालेल्या एका लहान मुलाला सगळ्यांसमोर चाबकानं मारून टाकतात. एलियसला ते उभं राहून बघावं लागतं, तेही आपली पळायची तयारी पूर्ण झालेली असताना. म्हणजे इथंही पळणं आहेच. तिकडं ते अपराध वाटतं, इकडं तेच माणूस म्हणून उरण्याची वाट. मुखवट्याची कल्पना अंगावर येते : तो धातू हळूहळू कातडीत मुरतो आणि मग निघतच नाही. एलियस तो सारखा काढून ठेवतो, म्हणून त्याचा मुरलेला नाही.

प्रेमाचे धागे मला जास्त वाटले. लाया, एलियस, त्याची मैत्रीण हेलीन, बंडखोरांतला कीनन, सगळे एकमेकांकडं बघून श्वास रोखतात आणि तेवढ्यात गोष्ट थांबते. ऑगरही लेखिकेला अडचण आली की येतात. पण ज्या बंडखोरांवर लायानं विश्वास टाकला त्यांचा म्होरक्या तिला नुसता वापरून घेतो, हे दाखवायला धैर्य लागतं. मुलांच्या पुस्तकात बंड म्हणजे सगळे चांगले, असं सोपं करून टाकता आलं असतं.

रविवार, रात्र

लेकीला फोन केला. आधी माफी मागितली, लायाला भित्री म्हटल्याबद्दल. मग आजीची गोष्ट सांगितली. मी ती घरात आजवर कधी काढलीच नव्हती.

"मग पणजीला कुणी रागावलं का?" तिनं विचारलं.

"नाही. तिच्या आईनं परातीत पुन्हा पीठ घेतलं."

आणि मग मी तिला तो भाग सांगितला जो आजीनं स्वतः आम्हाला कधीच सांगितला नाही. आजीच्या दहाव्याला तिचे धाकटे भाऊ, आमचे मामाआजोबा, ओसरीवर बसून बोलले होते. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर ती पुन्हा गेली. पाटीत खाली भाकऱ्या, वर शेणी रचलेल्या. शिपाई त्याच बांधावर होते. त्यांच्या समोरून गेली, देऊन आली. त्यानंतर हिवाळाभर जात राहिली. दारात आली की आधी ओकायची, मग हातपाय धुऊन जेवायला बसायची.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. हॉस्टेलच्या जिन्यात कुणीतरी हसत उतरल्याचा आवाज आला.

"किती भाकऱ्या असतील गं पाटीत?"

"वीसेक, म्हणाले होते."

"किती वजन होतं वीस भाकऱ्यांचं?"

मला सांगता येईना. हातावरच्या जाड भाकऱ्या, त्यावर शेणी. उद्या करून बघते म्हटलं. फोन ठेवून डबा उघडला, शाळूचं पीठ पुरेल एवढं आहे.