मरून स्वेटर

तीन महिने झाले, ह्यांचा पगार अर्धाच येतोय. आज सकाळी ठिणगी पडली ती सिलिंडरवरून. "महिनाभरही कसा पुरत नाही?" असं ह्यांनी विचारलं आणि मी नको ते बोलून बसले. सासूबाई गुपचूप देवघरात. (त्यांची जुनी युक्ती.)

दुपारी जांभळी नाक्यावर लोकरीच्या दुकानासमोर जरा रेंगाळले, मग मेथीची जुडी घेऊन घरी चालत आले. रिक्षाचे २६ रुपये वाचले.

घरी सासूबाईंनी स्वतःचा जुना मरून स्वेटर पुढ्यात टाकला. "ठाण्यात कुठली आलीय थंडी! उसव आणि विण काहीतरी."

हाताने विणलेला स्वेटर कुठूनही उसवत नाही. विणकाम जिथे संपलं, ते टोक सापडावं लागतं. ते गळ्यापाशी होतं, आणि सापडलं त्यांनाच, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही! सुटलेली लोकर अगदी मॅगीसारखी कुरळी. बाह्यांच्या लडी बांधून कोमट पाण्यात बुडवल्या, न पिळता टॉवेलात दाबल्या आणि बाल्कनीत टांगल्या. वाळल्या की सरळ होतील.

पाठ उसवत होतो तेवढ्यात हे आले. सासूबाई म्हणाल्या, "हात पुढे कर." वीस मिनिटं बिचारे दोन्ही हातांवर लोकर घेऊन आरोपीसारखे बसले होते. समोरचा चहा थंड झाला.

पुन्हा गरम केला. गॅसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.