‘ताई, नुसतं पांढरंच यायलंय’

१६ जून २०२३, शुक्रवार. एका शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा आणि शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज आम्ही बांधून दिला होता आणि त्या दिवशी संध्याकाळी सहाला तो बंद व्हायचा होता. सकाळी ऑफिसात आल्या आल्या मी संस्थेच्या हेल्पलाइनची शीट उघडली. फोन घेणाऱ्या बाई प्रत्येक फोनची एक ओळ त्यात लिहायच्या: तालुका, तक्रार, काय सांगितलं. पासवर्ड विसरला, ओटीपी येत नाही, फोटो चढत नाही, हे नेहमीचंच. पण तीन दिवसांत एक नोंद सात वेळा आली होती. ‘पान पांढरं दिसतं. नेट स्लो. क्रोममधून उघडायला सांगितलं.’

सात वेगवेगळ्या तालुक्यांतलं नेट एकाच तऱ्हेने पांढरं कसं पडेल? यादीतल्या शेवटच्या नंबरला मी स्वतःच फोन लावला. लातूर जिल्हा, अहमदपूर तालुका. बारावी झालेली मुलगी.

‘हॅलो, मी पुण्याहून बोलतेय, अर्जाच्या वेबसाइटचं काम बघते. तुम्हाला पान दिसत नव्हतं ना?’

‘हो ताई. नुसतं पांढरंच यायलंय. ती निळी रेघ पूर्ण जातीय, अन् मग कायच नाही.’

‘यूट्यूब चालतंय का फोनवर?’

‘चालायलंय की.’

‘क्रोममधून उघडून बघितलंत?’

‘बघितलं. त्याच्यातबी तसंच.’

‘फोन कोणता आहे?’

‘आयफोन हाय. भावानं जुना घेतलाय लातूरहून. सात म्हणतेत त्याला.’

निळी रेघ पूर्ण जाते, हे तिने आपणहून सांगितलं म्हणून बरं झालं. ती रेघ पूर्ण गेली म्हणजे पान फोनपर्यंत पोचलेलं आहे. नेटचा दोष नाही. दोष जो काही आहे तो आम्ही पाठवलेल्या मालात.

क्रोममध्येही तसंच, याचं मला नवल वाटलं नाही. आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, आतलं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर रंगवणारा भाग, ॲपलच्या सफारी ब्राउझरचंच असतं. वेबकिट म्हणतात त्याला. ॲपलचा नियमच तसा आहे. (युरोपीय संघात २०२४ मध्ये तो सैल झाला, आपल्याकडे नाही.) आणि आयफोन ७ हा २०१६ सालचा फोन, आयओएस या त्याच्या मूळ प्रणालीच्या १५ व्या आवृत्तीपुढे तो जात नाही. आयफोनवरची सफारी आयओएसबरोबर वाढते. आयओएस थांबलं की सफारी थांबली, आणि सफारी थांबली की त्या फोनवरचा प्रत्येक ब्राउझर थांबला. ‘क्रोममधून उघडा’ हा सल्ला अँड्रॉइडवर कधीमधी लागू पडतो. आयफोनवर तो त्याच खोलीत दुसऱ्या दाराने जायला सांगण्यासारखा आहे.

मी तिला म्हटलं, ‘सहाच्या आत चालू करून देते. फोन जवळ ठेवा.’ फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला, कारण बिघाड काय आहे हेच अजून मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे सगळं हिरवं होतं. टेस्ट रोज रात्री तीन इंजिनांवर चालायच्या: क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट. टेस्ट चालवणारं आमचं साधन, प्लेराइट, तिन्ही आपल्याबरोबर आणतं. पण त्यातलं वेबकिट ताजं असतं. ऑफिसातल्या मॅकवरची सफारी ताजी. सहकाऱ्यांचे आयफोन ताजे. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे पान तपासायच्या साधनांत, आयफोन निवडला की आयफोनच्या मापाची चौकट येते, पण त्या चौकटीत पान रंगवणारं इंजिन क्रोमचंच राहतं. नवीन लागलेली मुलंमुली त्या चौकटीत पान बघून ‘आयफोनवर तपासलं’ असं लिहितात, तेव्हा मी दर वेळी त्यांना थांबवते. चौकटीत फक्त रुंदी तपासली जाते. एरर नोंदवणारी जी सेवा आम्ही जोडली होती, तिच्या पाटीवर त्या आठवड्यात सफारीची एकही तक्रार नव्हती.

खरे फोन दुरून वापरायला देणाऱ्या सेवा असतात. ब्राउझरस्टॅक तर आपल्या मुंबईतच सुरू झालं. आमचं तसलं खातं एप्रिलमध्ये खर्च कमी करताना बंद झालं होतं, आणि त्या कागदावर सही माझी होती. ते पुन्हा सुरू करायला ज्यांचं कार्ड लागणार ते आमचे मालक दुपारपर्यंत विमानात. मॅकवर आयफोनची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरसाठी जुनं आयओएस उतरवायला लावलं. कित्येक जीबीचा ऐवज, पट्टी पुढे सरकेना. शेवटी सहकाऱ्याला म्हटलं, ‘गाडी काढ आणि तपकीर गल्ली गाठ. आयफोन ७ हवा. काच फुटलेली चालेल, चालू असला म्हणजे झालं.’

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत वायरीपासून स्पीकरपर्यंत सगळं मिळतं आणि आसपास जुन्या मोबाइलची दुकानं आहेत. पाऊण तासाने त्याचा फोन आला: दुकानदार भाड्याने देत नाही, विकत घेतला तरच. म्हटलं, घे. माझ्या खात्यातून पैसे पाठवले.

साडेबाराला तो फोन माझ्या टेबलावर होता. कोपऱ्यात काच तडकलेली, बॅटरी अर्धमेली, सेटिंग्जमध्ये आयओएस १५. सफारीत अर्जाचा पत्ता टाकला. निळी रेघ सरकली, पूर्ण झाली, आणि पांढरं पान. तिने सांगितलं होतं हुबेहूब तसं. आम्ही दोघं काही क्षण त्या पांढऱ्या पडद्याकडे बघतच राहिलो. बिघाड दिसला याचा आनंद होतो आपल्या धंद्यात, पण त्या दिवशी मला लाज वाटली.

फोनच्या सेटिंग्जमध्ये सफारी, तिथे ॲडव्हान्स्ड, तिथे वेब इन्स्पेक्टर चालू केला. केबलने फोन मॅकला जोडला. मॅकवरच्या सफारीतल्या डेव्हलप मेन्यूत फोनचं नाव आलं. चुका जिथे छापल्या जातात तो कन्सोल उघडला. एकच लाल ओळ:

‘सिंटॅक्सएरर: इनव्हॅलिड रेग्युलर एक्स्प्रेशन: इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम.’

नेमकी जागा शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कौटुंबिक उत्पन्नाचा रकाना. संस्थेने सांगितलं होतं की पालक शून्यांत गोंधळतात, चौऱ्याऐंशी हजारांचे आठ लाख चाळीस हजार होतात. तेव्हा आकडा टाइप करतानाच आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम पडू देत. उजवीकडून पहिले तीन अंक, मग दोन-दोन. मागणी अगदी रास्त होती. आमच्यातल्या एकीने त्यासाठी एक छोटं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरात नमुना शोधायचं सूत्र, लिहिलं आणि ६ जूनला ते साइटवर चढलं. त्यात ‘?<=’ ही तीन चिन्हं होती. लुकबिहाइंड म्हणतात त्याला: ‘या जागेच्या मागे अंक आहे का ते बघ’ असं सांगायची सोय. क्रोमला हे २०१७ पासून कळतं, फायरफॉक्सला २०२० पासून. सफारीला कळायला लागलं आवृत्ती १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून.

हीच ओळ फेब्रुवारीत लिहिली असती तर आमच्या मॅकवरही पांढरं पान आलं असतं आणि दुपारच्या आत सगळं निस्तरलं असतं. जूनमध्ये लिहिली, म्हणून आमच्या डोळ्यांसमोरच्या प्रत्येक यंत्रावर ती चालली.

पण एका रकान्यातल्या स्वल्पविरामासाठी अख्खं पान का जावं? ब्राउझर जावास्क्रिप्टची, म्हणजे पान चालवणाऱ्या कोडची, फाइल चालवण्याआधी ती वाचून काढतो. रेग्युलर एक्स्प्रेशन फाइलमध्ये थेट लिहिलेलं असेल तर त्याचं व्याकरणही तेव्हाच तपासतो. एक वाक्य कळलं नाही तर तेवढं गाळून पुढे जात नाही, फाइलच नाकारतो. आमचा सगळा अर्ज त्या एका फाइलमधून पडद्यावर यायचा. बेबेलसारखी साधनं नव्या जावास्क्रिप्टचं जुन्यात रूपांतर करतात, पण लुकबिहाइंड त्यांनाही बदलून देता येत नाही. ते जसंच्या तसं पुढे जातं. आणि एरर नोंदवणारी ती सेवा? तिचा कोडही त्याच फाइलमध्ये बांधलेला होता. फाइलच उघडली नाही तर तक्रार करायला आत कोण असणार?

ओळ लिहिणारी मुलगी रडवेली झाली होती. तिला म्हटलं, तुझी ओळ मीच तपासून पास केली होती. चल, आता बदलू.

बदल सोपा होता. ब्राउझरांत आकडे प्रांतवार लिहायची सोय असतेच, इंटल नावाची, आणि ती आयफोन ७ लाही येते. तिने घाईत भाषा ‘एमआर-आयएन’ दिली, म्हणजे मराठी. पान मराठीतलं, तेव्हा कुणालाही ते बरोबरच वाटेल. रकान्यात ८४,००० असे देखणे देवनागरी अंक उमटले. आणि लगेच खाली लाल अक्षरांत ‘उत्पन्न चुकीचे आहे’. कारण तो आकडा आमचा कोड पुन्हा वाचत होता, आणि जावास्क्रिप्टला देवनागरी अंकांची संख्या करता येत नाही. मराठीच्या जागी भारतीय इंग्रजी दिल्यावर स्वल्पविराम आपले राहिले आणि अंक इंग्रजी झाले. मराठी पानावर मराठी अंक दिसावेत ही माझी आजही इच्छा आहे, पण ते नीट करायला त्या दुपारी वेळ नव्हता.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी नवी फाइल चढली. तडकलेल्या काचेमागे अर्ज दिसला. लगेच अहमदपूरला फोन लावला.

‘ताई, आलं! आलं बघा!’ मागून भावाचा आवाज, ‘आलं का गं?’

तिचे कागद आधीच फोनमध्ये काढून ठेवलेले होते: उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आधार. फोन स्पीकरवर ठेवून ती भरत गेली, मी ऐकत गेले. मग थांबली.

‘जमा करा कुठंय ताई? तुम्ही म्हणता तसं बटन नाही खाली.’

टेबलावरच्या फोनवर शेवटचं पान उघडलं. खरंच नव्हतं. ते पान आम्ही पडद्याच्या पूर्ण उंचीचं केलं होतं, १०० व्हीएच, आणि बटण तळाला चिकटवलेलं. आयफोनवरची सफारी ही उंची मोजताना स्वतःची पट्टी मिटलेली आहे असं धरून चालते. पट्टी उघडी असली की तळाचा तेवढा भाग तिच्यामागे जातो, आणि आयओएस १५ पासून, आपण बदलली नाही तर, पत्त्याची पट्टी तळालाच असते. आमचं बटण बरोबर तिच्याखाली दडलं होतं. १०० व्हीएचच्या खाली १०० डीव्हीएच अशी एक ओळ वाढवली, म्हणजे पट्टी धरून जी उंची खरोखर उरते ती घे. ज्या ब्राउझरला ही ओळ कळत नाही तो ती सोडून वरचीच पाळतो. सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा, असं समजून घेते, न कळलेली ओळ गाळून पुढे जाते, म्हणून मला ती मनापासून आवडते.

तीन चाळीसला तिने पान ताजं केलं. बटण आलं. दाबलं. अर्ज क्रमांक तिने मला दोनदा वाचून दाखवला, मी तो कागदावर लिहून घेतला. ‘ताई, झालं म्हणायचं ना आता?’ म्हटलं, ‘झालं.’ शीटमधल्या बाकीच्या सहा जणींनाही त्या संध्याकाळी फोन केले. एक तालुक्याच्या कॅफेत जाऊन भरून आली होती. एकीने फोन उचलला नाही.

संस्थेला मी खरं काय ते लिहून कळवलं आणि मुदतवाढ मागितली. त्यांनी रविवार रात्रीपर्यंत दिली. एरर नोंदवणारा कोड वेगळ्या छोट्या फाइलमध्ये काढला, जी सगळ्यात आधी वाचली जाईल आणि जिच्यात अगदी जुनं, साधं जावास्क्रिप्टच असेल. तो आयफोन ७ ऑफिसात राहिला, चार्जरला लावलेला. रिलीजआधी पान त्याच्यावर उघडतो, हाताने.

ऑफिस रिकामं झाल्यावर मी दोन गोष्टी उघडल्या. पहिली, सोमवारच्या मीटिंगची नोंद. कोणते ब्राउझर तपासायचे हे आम्ही वापराच्या आकडेवारीवरून ठरवतो. १२ जूनला मी स्वतः लिहिलं होतं: ‘जुने आयफोन: वापर ०. यादीतून वगळावे.’ वापर मोजणारा कोडही त्याच फाइलमध्ये होता. ६ जूनपर्यंत आलेखात जुन्या आयफोनची बारीकशी रेघ होती, ६ ला ती खाली जाऊन तळाला टेकली. आम्ही ज्यांच्यासाठी दार लावलं ते मोजणीत येईनासे झाले, आणि ते मोजणीत नाहीत म्हणून मी त्यांना यादीतून काढलं.

दुसरी, सर्व्हरचा लॉग. त्याला जावास्क्रिप्टशी देणंघेणं नसतं, दारात कोण आलं तेवढं तो लिहितो. आयओएस १५ च्या ओळी चाळल्या. प्रत्येकीचं तेच: पान मागितलं, सीएसएस मागितली, जावास्क्रिप्टची फाइल मागितली. त्यानंतर काही नाही. जिथे पान चालतं तिथे लगेच पुढची मागणी येते, जिल्ह्यांची यादी. या ओळींखाली ती नव्हती.

त्यात १० जूनच्या रात्रीच्या काही ओळी होत्या, एकाच इंटरनेट पत्त्यावरून आलेल्या. ११:४२, सफारी. ११:४३, सफारी. ११:५१, क्रोम. ११:५२, क्रोम. १२:०४, पुन्हा सफारी. मग सकाळी ६:१०, सफारी, एकदाच.